केझायाची शमीज

थर्केटलबाईंच्या वाड्यावर दर सोमवारी मी कपडे धुवायला जायची. तिथे स्वयंपाकघरात वरकामाला केझाया होती, पंधरा वर्षांची. सगळ्यांचे कपडे माझ्याकडे यायचे, फक्त हिचे आतले कपडे नाहीत. "माझे मीच धुते, डॉर्कसमावशी," म्हणायची.

एका सोमवारी ती तापाने पडली, म्हणून तिची शमीज मीच उचलली. जाडाभरडा मांजरपाट. काठावर काळ्या शाईत गरीबखान्याचा शिक्का, निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या सरकारी घराचा.

"चोरलीस होय गं?"

ती रडायलाच लागली. "बाराव्या वर्षी आईबरोबर आत गेले, मावशी. आई तिथंच वारली. बाहेर पडताना, आत जाताना काढून घेतलेले माझे जुने कपडे परत दिले, ते खांद्यावरून खाली उतरेनात. वरचा झगा दिला कुणीतरी, पण आतलं सगळं काढून ठेव म्हणाले. जानेवारी होता. शमीज आणि फलालीनचा परकर तसाच अंगात ठेवून निघाले."

शिक्का निघावा म्हणून मी ती शमीज ताकात भिजवली, मग चुनकळीच्या पाण्यात उकळली. कापड विरलं, शाई काही हलली नाही.

मालकिणीची मुलगी लेटिशिया केझायाच्याच वयाची. तिच्या शमिजी डझनावारी, गळ्याला लेस, कोपऱ्यात भरतकामाची अक्षरं. मला वाटलं, एखादी जुनी मागून बघू. थर्केटलबाईंना म्हटलं, "बाईसाहेब, धाकट्या बाईंची फाटकी शमीज असली तर केझायाला द्याल का?"

"का? ती काय उघडी आली होती इथं?"

"आहे ती तिची स्वतःची नाही," माझ्या तोंडून निघून गेलं, आणि बाई तेवढ्यावरून काय ते समजल्या. तडक वर जाऊन त्यांनी केझायाची पेटी उपसली. परकर उजेडात धरला. शिक्का वाचला.

"गरीबखान्याची चोर माझ्या घरात!"

"बाईसाहेब, थंडी होती हो," केझाया अंथरुणातूनच म्हणाली.

"थंडी सगळ्यांनाच असते."

पोलीस आला. न्यायाधीशासमोर मला बोलायचं होतं, पण मला कुणी विचारलंच नाही. सरकारी कपडे पळवल्याबद्दल केझायाला चौदा दिवस सक्तमजुरी झाली.

सुटली त्या दिवशी मी तुरुंगाच्या दाराशी उभी राहिले. तिचे केस कापलेले, खोकला थांबत नव्हता.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं.

"तुमच्या खोलीत सहा जण आहात ना? मी कुठं निजू?"

"पोरी, मी तुझ्या भल्यासाठीच मागायला गेले होते गं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. तुरुंगातून आलेल्या पोरीला कुणी कामावर ठेवणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. ती गरीबखान्याच्या रस्त्याला लागली. मी वळणापर्यंत मागे गेले. तिथून परतले, कारण सोमवार होता आणि वाड्यावर कपडे भिजत पडले होते.