कण्यात डिंक नाही

दोऱ्याचं टोक... वहीच्या कण्यातून तांदळाच्या कणीएवढं बाहेर आलेलं, मेणामुळे ताठ, आणि कात्री नेमकी घरी. हस्तकलेच्या बाजारातल्या तिच्या टेबलावर चाळीस वह्या विकायला मांडल्या होत्या, पण तिचे डोळे फिरून फिरून तिथेच जात होते. नखाने ते टोक आत ढकलायचा ती प्रयत्न करत असतानाच समोर एक बाई थांबली. तिने निळ्या कापडाची वही उचलली, उलटीसुलटी करून पाहिली.

“तुम्ही केल्यात?”

“हो... असंच आपलं. रिकामा वेळ जातो.”

बाईने हसून वही ठेवली आणि पुढे गेली. सकाळपासून ही पाचवी.

असंच आपलं! सव्वीस वर्षं बाइंडिंगखान्यात छापील कागद दुमडले, दुमडून शिवले; तो बंद पडला तेव्हा दाभण आणि मेणाचा गोळा तेवढा घरी आणला; कण्याची ही उघडी शिवण जमेना म्हणून अकरा वेळा उसवली, बाराव्यांदा जमली तेव्हा स्वयंपाकघरात एकटीच मोठ्याने हसली — आणि चारचौघांत विचारलं की तोंडातून काय निघतं, तर रिकामा वेळ. पण त्या क्षणी तोंड तिचं नसायचंच, आईचं असायचं. आई म्हणायची, आपली पाठ आपण थोपटू नये. हात पोचत नाही, आणि पोचलाच तर खांदा निखळतो. घरात सगळे हसायचे. खांदे मात्र सगळ्यांनी जपले होते.

मागे घडीच्या खुर्चीवर थोरली बहीण बसली होती. डबा घेऊन आली आणि बसूनच राहिली. “हौस आहे तुला, होऊ दे,” असं सकाळी म्हणाली होती, आजारी माणसाला म्हणावं तसं.

शेजारचं टेबल पळीकाकांचं. लाकडाचे चमचे, पळ्या, उलथनी कोरणारा हा म्हातारा. अख्खा बाजार त्यांना त्याच नावाने ओळखत होता. ते उठले, गुडघे चोळले.

“ताई, जरा माझंही बघा. पाय मोकळे करून येतो.”

ते गेले आणि पाठोपाठ गिऱ्हाईक आलं. नवं घर मांडणारं जोडपं होतं. तिने एक पळी त्यांच्या हातात ठेवली आणि कोण जाणे कुठून, शब्द धो धो येऊ लागले — बोट फिरवून बघा, एक कुसळ लागलं तर सांगा. दांड्याचा हा बाक बघा, लाकडाच्या रेषेबरोबर वळलाय, रेषा तोडलेली नाही. म्हणून हा मोडायचा नाही... जोडप्याने दोन पळ्या घेतल्या, वर एक उलथनं. तिने वळून पाहिलं तर काका खांबाला टेकून ऐकत उभे.

“हे बाकाचं तुम्हाला कसं कळलं?”

“दिसतंच की.”

“तीस वर्षं कोरतोय. कुणाला दिसलं नाही.” त्यांनी घसा खाकरला. “आता असं करा, तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. तुमच्या वह्या मी विकतो.”

ती नको नको म्हणेपर्यंत ते बसलेसुद्धा. आणि तेवढ्यात एक उंच गृहस्थ आले, काखेत चित्रांचं बाड, बोटांना शाई. त्यांनी राखाडी वही उचलली. काकांना चेव चढला.

“घ्या साहेब! अशी चिकटवलीय, अशी चिकटवलीय, की हत्तीने ओढली तरी पान निघणार नाही!”

चिकटवलीय?

“चिकटवलेली नाही!”

हा आवाज तिचा होता. पलीकडच्या मेणबत्त्यावालीने मान वर केली. काकांच्या खुर्चीतून ती उठून आली होती, गृहस्थांकडची वही आता तिच्या हातात होती, आणि तिने ती बरोबर मध्यावर उघडून टेबलावर ठेवली. वही पाण्यासारखी सपाट पसरली.

“बघा. दाबावी लागत नाही. दुमडलेल्या पानांची प्रत्येक घडी शेजारच्या घडीला गाठीने बांधलीय. कण्यात डिंकाचा थेंब नाही. चिकटवलेली वही जोराने उघडली की मोडते. ही दोन्ही पानांवर एकच चित्र काढू देईल तुम्हाला, मध्ये खाच न पडता.”

गृहस्थ खाली वाकले. शिवणीवरून त्यांनी शाईचं बोट फिरवलं, न टेकवता.

“कुणी केली?”

“मी.”

एवढंच. पुढे काही जोडायला जीभ वळवळली आणि तिने ती दातांमागे धरली.

“ताठा चढला हं तुला,” मागून बहीण म्हणाली. बहीण हसत होती की नाही, हे वळून पाहिल्याशिवाय तिला कळलं नसतं. ती वळली नाही.

“चढू दे.”

गृहस्थ अजून पानं उलटत होते. ते घेतील, कदाचित ठेवून जातील... तिचं मन तिथून केव्हाच निघालं होतं. बाइंडिंगखान्यातून गाड्या भरभरून गेलेली ती पुस्तकं — त्यांच्यावर लिहिणाऱ्याचं नाव, छापणाऱ्याचं नाव, आतली चित्रं काढणाऱ्याचंसुद्धा — ती आता कुठे कुठे असतील, शाळांच्या कपाटांत, कुणाच्या उशाला, वाचता वाचता झोपलेल्या कुणाच्या छातीवर उघडी. कव्हरं फाटली असतील, पानं पिवळी पडली असतील, पण सुटी झाली नसतील. त्यांच्या गाठीही माझ्याच. सगळ्या माझ्याच गाठी.

तिचं तिलाच भय वाटलं. साठीला टेकल्यावर एवढं सगळं एकदम आपलं निघालं, तर माणसाने ते ठेवायचं तरी कुठे?