खांद्याची गोलाई

त्या मंगळवारी दादा, माझे वडील, हसतच घरी आले. १९८३ साल. सातपूरच्या ज्या कारखान्यात ते लेथवर टर्नर होते, तिथेच मी टायपिस्ट होते. तिथे पंपाच्या पिना बनत आणि जर्मनीला जात.

"नवं ड्रॉइंग आलं," दादा म्हणाले. "पिनीच्या खांद्याला गोलाई दिलीय. आता तडा जायचा नाही. तिथं बसून कळलं बघ साहेबांना. लय हुशार माणसं."

"जेवून घ्या, दादा."

पीन जिथे जाडीची बारीक होते तो तिचा खांदा. दोन वर्षांपूर्वी जर्मन साहेब आठवडाभर मशीनपाशी उभा राहून दादांना माप तपासायचं गेज धरायला शिकवून गेला. दादांनी सगळं शिकून घेतलं. पण खांद्याचा कोपरा तीक्ष्ण आहे, पीन तिथेच तडकते, असं ते म्हणाले, तेव्हा साहेब म्हणाला, ड्रॉइंगप्रमाणे करा. शेवटी दादांनी कारखान्याच्या शेठना गळ घालून गोलाई दिलेली एक पीन पाठवली. सोबतचं पत्र मी टाइप केलं.

उत्तर मार्चमध्ये आलं. तुमच्या कामगाराची सूचना मान्य आहे, नवं ड्रॉइंग काढतो आहोत.

"घरी जयरामला यातलं काही सांगू नका," शेठ म्हणाले. "डोक्यात हवा गेली की माणूस ड्रॉइंग पाळत नाही."

मी पत्र फायलीला लावलं. नोकरीला आठच महिने झाले होते. दादा रोज विचारत, "आलं का गं काही?" मी नाही म्हणत असे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, दादा मशीनपाशीच कोसळले ते गेलेच.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत बुद्धवंदना झाली आणि एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. शेठही उठले.

"जयरामला साहेबांनी घडवलं. सांगितलं तेवढं त्यानं केलं, स्वतःचं डोकं कधी चालवलं नाही. हाच त्याचा मोठेपणा."

लोक माना डोलवत होते. बसता बसता शेठनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अत्तराचा वास होता. त्या हाताची किळस आली, आणि पत्र फायलीला लावणाऱ्या माझ्या हातांची त्याहून जास्त.

मी उठले. शेठकडे न बघता दादांच्या फोटोकडे बघत म्हणाले,

"दादा, उत्तर आलं होतं. ती गोलाई तुमचीच आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही."