लाल टॅग

आमच्या ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या कामात खोड्या काढल्या आणि त्याचा पगार घेतला. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते. मशीनवरून तयार होऊन आलेला भाग हातात घ्यायचा, व्हर्निअर लावून मोजायचा, उजेडाकडे धरून बघायचा. चांगला असला तर हिरवा टॅग. नसला तर लाल. लाल टॅग लागला की समोर कुणी का असेना, साहेब असो नाहीतर साहेबाचा मेहुणा, माल पुढे जायचा नाही. दौलतरावांचा लाल म्हणजे लाल, असं लोक म्हणायचे. म्हणू देत. त्या लोकांना ह्यांच्याबरोबर संसार करायचा नव्हता.

मला करायचा होता. चपातीची एक कड जाड आहे. चहा कालच्यापेक्षा फिका आहे. पडदा डावीकडे बोटभर खाली आलाय. लग्न होऊन मी परांड्याकडून इथे कासारवाडीला आले तेव्हापासून हेच ऐकतेय. माझाही स्वभाव काही थंड नाही. एकदा लाटणं घेऊन म्हटलं होतं, "मलाच लावा एक लाल टॅग आणि पाठवा माहेरी!" तर हे गंभीरपणे म्हणाले, "तुझ्यात तसा मोठा दोष नाही." आता ह्याला माणसानं काय म्हणावं?

मग हे रिटायर झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, हार मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि कंपनीच्या बसच्या वेळेला दारातल्या खुर्चीत जाऊन बसले. बस आता ह्यांच्यासाठी थांबणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं. ती कोपऱ्यावरून वळून जाईपर्यंत बघायचे आणि मग तिथेच बसून राहायचे, जेवणापर्यंत. जेवल्यावर परत तिथेच.

त्याहून वाईट म्हणजे चपातीबद्दल बोलायचे बंद झाले. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. निमूट जेवले, ताट उचललं, हात धुतले. खरं सांगते, त्या दिवशी मी मोरीत पाणी सोडून रडले. शेजारच्या यशोदाबाईंना सांगितलं. त्या इथल्या जुन्या गावकरी, जे मनात ते तोंडावर. म्हणाल्या, "विजे, आमच्या मालकांचं बी असंच झालं व्हतं. खुर्चीत बसलं ते बसलंच, पुन्हा उठलं न्हाई. तुझ्या मानसाला कायतरी उद्योग लाव बाई."

उद्योग मी काय लावणार? तो लावला लाइटबिलानं. उन्हाळ्याचं बिल आलं, ते ह्यांनी नेहमीसारखं खालीवर करून बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी आवाज चढवला. "हे काय? आपण काय गिरणी चालवतो?" आकडा सांगत बसत नाही, सगळ्यांचीच बिलं तशी येतात. पण पेन्शनच्या मानानं तो डोळे पांढरे करणारा होता. संध्याकाळपर्यंत ह्यांनी मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले आणि मला जाहीर करून टाकलं, "सोलर पॅनल मी घरी बनवणार."

"बनवा," म्हटलं. मनात म्हटलं, देवा, विमान बनवायला घेतलं तरी चालेल, पण खुर्चीतून उठू दे.

पार्सल आलं. सेल म्हणतात त्या निळ्या चौकोनी चकत्या. पापडाहून पातळ! नुसता श्वास लागला तरी तडकतील अशा. पहिल्या काही ह्यांच्या हातातच मोडल्या. मग माझ्या स्वयंपाकघराचा ओटा गेला, पुरणाची चाळणी गेली, माझा भुवया कोरायचा चिमटासुद्धा गेला. एक सेल दुसऱ्याला पातळ तारेनं जोडायचा, सोल्डरिंगचा डाख द्यायचा, पुढचा जोडायचा. घरभर डाख दिल्याचा धूर. मी आरडाओरडा करायची, "वरण शिजतंय की तारा शिजताहेत?" आणि हे चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "हलू नकोस, ओटा हलतो." मी त्यांच्यावर ओरडत होते आणि मनात इतकी सुखात होते म्हणून सांगू! दारातली खुर्ची रिकामी होती. तिच्यावर मांजर झोपायचं.

श्रावण-भादव्यात काम पुरं झालं. वर काच, आत निळे सेल ओळीनं, मागे पत्रा, कडेला ॲल्युमिनियमची पट्टी, फटींना सिलिकॉन. गच्चीत कलतं करून ठेवलं, बॅटरीला जोडलं. लोक बघायला आले. कंपनीतले जुने दोस्त आले, गल्लीतले आले. "वा दौलतराव! एक नंबर! मानलं राव तुम्हाला!" चहा पिऊन गेले.

आमचा प्रज्वलही आला. हिंजवडीला असतो, वाकडला राहतो. पोरगा गुणाचा आहे, उगाच नावं ठेवणार नाही. गच्चीवर गेला, मोबाइलवर फोटो काढला, "मस्त बाबा, भारीच!" म्हणाला आणि खाली आला. मग मला आत घेऊन म्हणाला, "आई, मी कंपनीचं रेडिमेड सोलर बुक केलंय. सबसिडी पण आहे. दसऱ्याच्या दिवशी माणसं येतील मोजमाप घ्यायला. बाबांचं ते राहू दे एका कडेला. त्यांचा टाइमपास होतो ना, बास."

मी मान वर केली तर हे दारात उभे. हातात रिकामा कप होता. कप ओट्यावर ठेवला, बाहेर गेले, मांजराला हाकललं आणि खुर्चीत बसले.

दोन दिवस परत तेच. आमटीबद्दल चकार शब्द नाही.

घटस्थापना झाल्यावर एका संध्याकाळी मात्र आत आले आणि माझ्यापुढे टॅगचा गठ्ठा ठेवला. रिटायर होताना आणलेले, काही लाल, काही हिरवे, दोऱ्यासकट.

"पॅनल तपास," म्हणाले.

"मी? मला त्यातलं काय कळतं? तुम्ही आहात की एवढे मोठे!"

"मी बनवलंय. ज्यानं बनवलं त्यानं पास करायचं नसतं. दुसऱ्यानं बघावं लागतं." मग म्हणाले, "हिरवा लागला तर खंडेनवमीला पूजेत ठेवीन."

ह्यांच्या खात्यात तो रिवाजच होता. खंडेनवमीला कंपनीत सगळ्या मशीन पुसून त्यांना झेंडूचे हार घालतात. पण ज्या मशीनला लाल टॅग असेल तिला हार नाही, हे ह्यांनी लावून दिलेलं. आणि स्वतःचं व्हर्निअर हे घरी आणायचे, माझ्या विळीशेजारी पाटावर ठेवायचे. तपासणाऱ्याचं तेच हत्यार, म्हणायचे.

मला कळलं हे काय मागताहेत ते. हिरवा टॅग लागला तर ह्यांचं पॅनल काम ठरणार होतं. नाहीतर टाइमपास. मग दसऱ्याला ती माणसं येतील, हे खुर्चीत बसतील, आणि यशोदाबाईंच्या मालकांसारखं... पुढचं मी मनातसुद्धा येऊ दिलं नाही. म्हटलं, त्यात काय, उद्या हिरवा बांधून टाकते.

नवरात्रात घटाच्या माळेसाठी मी उजाडता उजाडता गच्चीवर फुलं तोडायला जाते, कुंड्यांतली. दुसऱ्या दिवशी गेले, टॅग कमरेला खोचलेला, हिरवाच. फुलं तोडली, नाकावरचा चष्मा नीट केला आणि पॅनलजवळ वाकले. एका कोपऱ्यात काचेवर दव दिसलं. पदरानं पुसलं. गेलं नाही. जोरात पुसलं. पदर कोरडा, काच कोरडी, आणि दव तिथंच. ते आतून होतं.

हे रोज ऊन चढल्यावर मीटर घेऊन यायचे. तोपर्यंत सगळं वाळून जात असणार. पण मी लोणच्याच्या बरण्या भरल्यात आयुष्यभर. झाकणाच्या आतून असा घाम दिसला की मला कळतं, वरून कितीही छान दिसू दे, आत नासायला सुरुवात झाली. इथं तर तारा होत्या. आज ना उद्या गंजणार.

मी तिथेच कठड्यावर बसले. शेजारच्या गच्चीवर यशोदाबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना सांगितलं.

"मग? बांद की हिरवी चिठ्ठी," त्या म्हणाल्या. "तुजं काय जातंय? तेवढंच मानूस खूश व्हईल. दसरा होऊन जाऊ दे, मग सांग."

खोटं कशाला बोलू, मी हिरवा टॅग हातात घेतला होता. बांधायलाही गेले. आणि मला माझी नवी नवरी असतानाची पुरणपोळी आठवली. सासरची सगळी माणसं जेवायला, आणि सगळे "छान झालीय सूनबाई" म्हणून गिळत होते. हे एकटे म्हणाले, "गूळ कमी पडलाय." मला असा राग आला होता! पण त्या पंगतीत माझी पोळी चव घेऊन खाणारा तो एकच माणूस होता, हे मला त्या रात्री कळलं. बाकीचे नुसते सांभाळून घेत होते. लहान पोरानं कागदावर रेघोट्या मारल्या की आपण "वा वा" म्हणतो ना, तसं. आता सगळं गाव ह्यांना तसंच "वा वा" म्हणत होतं. मीही म्हणू?

खाली आले. गठ्ठ्यातला लाल टॅग काढला, वर जाऊन बांधला.

उन्हं आल्यावर हे वर गेले, नि लगेच खाली आले. चेहरा पांढरा. "लाल लावलास."

"हो."

"कारण लिहिलं नाहीस. लाल टॅगवर कारण लिहावं लागतं."

"कोपऱ्यात आतून पाणी धरलंय," मी म्हटलं. "सकाळी दिसतं. वरचा डावा कोपरा."

तसेच परत वर गेले. जेवायला हाक मारली, आले नाहीत. दुपार टळली. मी ताट झाकून बसले होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. बाई गं, तुझी ही जीभ! एक हिरवा कागद बांधायला काय झालं होतं तुला? नवऱ्यापेक्षा काच मोठी झाली? शेवटी राहवेना, चहा घेऊन वर गेले.

हे गच्चीवर पालथे पडलेले. माझ्या हातातला कप हिंदकळला. "अहो!"

"ओरडू नकोस," हे म्हणाले. पालथे पडून गाल फरशीला लावून पॅनलच्या कडेनं बघत होते. पट्टी सोडवलेली, चारी बाजूला स्क्रू. "इकडे ये. इथं बघ. सिलिकॉन धरलंच नाही. ओल्या हवेत भरलं मी. सगळं उघडून, वाळवून, परत भरायला हवं. आणि मी रोज उन्हात बघतोय गाढवासारखा! सकाळी बघायला हवं होतं."

"राग नाही आला?"

"कशाचा?" उठून बसले. गालावर फरशीची धूळ. चहा हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "विजू, एवढी माणसं येऊन गेली. माझ्या खात्यातली होती त्यात. आपला पोरगा आला. सगळ्यांनी मस्त म्हटलं. एकानंसुद्धा वाकून बघितलं नाही गं." पॅनलच्या कडेवरून बोट फिरवलं त्यांनी. "मला वाटलं, आता कुणी बघायचंच नाही. ह्याचं काय बघायचं, म्हातारा आहे, करू दे."

मी पदरानं त्यांचा गाल पुसला. मग त्यांनी चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आलं जास्त झालंय."

देवाशपथ सांगते, इतका गोड शब्द मी लग्नात मंगलाष्टकातही ऐकला नव्हता.

खंडेनवमीला प्रज्वल सकाळीच आला, दसऱ्यापर्यंत राहायला. पाटावर ह्यांनी डाख द्यायची सोल्डरिंग गन ठेवली, मीटर ठेवलं, व्हर्निअर ठेवलं, माझी विळी ठेवली. मी हार करून आणले होते. प्रज्वल म्हणाला, "आणि बाबा, पॅनलला हार?"

"पॅनल लाल टॅगवर आहे," हे कडक आवाजात म्हणाले. "त्याला हार नाही. तुझ्या आईनं रिजेक्ट केलंय."

"आईनं? का?"

"वर जाऊन बघ. वाकून बघ. आणि उद्या ती तुझी माणसं मोजायला येतील ना, त्यांना सांग, त्यांचं पॅनल आलं की तेही ही बघितल्याशिवाय पास करायची नाही."

प्रज्वल वर गेला तो बराच वेळ खाली आला नाही. हळदकुंकू वाहून झालं. मी उदबत्ती लावत होते, तेवढ्यात ह्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा अलगद काढला आणि पाटावर, व्हर्निअरच्या शेजारी ठेवला. त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

"अहो, हे काय भलतंच!"

"तपासणाऱ्याचं हत्यार," हे म्हणाले, आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

"काचेला लावू नका, डाग पडेल!" मी ओरडले. चष्म्याशिवाय मला समोरचं काही धड दिसत नव्हतं, आणि तेच बरं होतं, कारण माझे डोळे भरून आले होते. ह्यांनी वाकून बघितलं आणि कुंकू काचेला न लावता काडीला लावलं.