सोळा आणे भीती

कंपनीची बस वाडीच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर थांबायची आणि नरहरी घरातून चांगला वेळेआधी निघायचा. तरी त्याची बस चुकायची. कारण घर आणि फाटक यांच्यामध्ये मोटारीची खोली होती.

तारापूरची ही वाडी वडिलोपार्जित. चिकूची झाडं, थोडी पानवेल, विहिरीवर पाण्याची मोटार. उन्हाळ्यात शेजारच्या चंद्रभानची मोटार चोरांनी उचलून नेली आणि तेव्हापासून नरहरीच्या मनानं कुलपाचा ध्यास घेतला. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं. फाटकाशी पोचलं की वाटायचं, ओढलं खरं, पण नीट ओढलं का? ओढून ओढून कुलूप ढिलं झालं म्हणून नवीन आणलं, तर त्याच्यावर विश्वासच बसेना. ते ओळखीचं नव्हतं ना!

"स्टोअरबाबू, ताले को भी साथ ले आया करो," बसचा ड्रायव्हर प्रताप एकदा ओरडला. नरहरीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं कुलूप पिशवीत घातलं आणि निश्चिंत मनानं बसमध्ये बसला. बोईसरला कारखान्याशी उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं की कुलूप आपल्याजवळ आहे, म्हणजे खोली उघडी आहे. मिळेल त्या ट्रकनं तो घामाघूम होऊन परत आला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं सांगून टाकलं. रंगाच्या कारखान्यात स्टोअरची किल्ली त्याच्याकडे, तो नाही आला तर कामगार दारात उभे राहतात. दिवाळीपर्यंत वेळेवर आलात तर ठीक, नाही तर दुसरा माणूस बघतो.

नरहरीच्या बायकोनं, मंदानं, हे ऐकलं आणि देवघरात जाऊन निरांजन लावलं. मंदा बोलायची हळू, पण तिचे नेम पक्के. तुळशीला पाणी घातल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही आणि उपवासाच्या दिवशी चुकूनही खोटं बोलायची नाही. तिनं सोळा सोमवार धरले. महादेवा, यांच्या मनातलं ते कुलूप तेवढं उघड.

घरातली बाकीची माणसंही स्वस्थ बसली नाहीत. नरहरीची थोरली बहीण सुलू नवरा गेल्यापासून माहेरीच राहायची. तिनं ब्राह्मीचं तेल कढवलं आणि रोज रात्री भावाच्या टाळूवर थापायला लागली. "डोकं तापलंय रे नरू तुझं. थंड झालं की आपोआप सुचेल." वाडीत चिकू उतरवायला येणारा झिपरू डोंगरातल्या पाड्याचा भगत. त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दोष माणसात नाय, बाय. कुलपात हाय." मग त्यानं काळा दोरा कुलपालाच बांधला. नरहरी आता कुलूप ओढायचा आणि दोराही ओढायचा.

शेवटी कंपनीतल्या कोणी तरी डॉक्टर कृष्णकांतचं नाव सांगितलं. पालघरला एका ट्रस्टच्या दवाखान्यात तो दर शनिवारी बसायचा. मुंबईत शिकलेला, गोळ्या न देता नुसतं बोलून आणि माणसाकडून काही करवून घेऊन मनाचे आजार बरे करायचा. मंदा नवऱ्याला घेऊन गेली. डॉक्टर इतका कोवळा दिसत होता की तिला त्याला नमस्कार करावा की त्याच्या हातावर खाऊ ठेवावा, कळेना.

"कुलूप लावून निघालात की भीती किती वाटते? शून्य ते शंभरात सांगा," डॉक्टर म्हणाला.

नरहरी विचारात पडला. "शंभरात नाही सांगता यायचं. पण सोळा आणे वाटते."

"बरं, आण्यांत सांगा. आणि परत जाऊन ओढून बघितलं की?"

"चार आण्यांवर येते. पण फाटकाशी पोचेपर्यंत पुन्हा सोळा."

"म्हणजे परत जाण्यानंच ती वाढते," डॉक्टर म्हणाला. "आता असं करायचं. कुलूप एकदाच लावायचं आणि मागं न बघता बसमध्ये जाऊन बसायचं. भीती वाटेल, वाटू द्या. तिच्याशी भांडू नका. ती आपली आपण उतरते."

मंदाला हे सगळं पटलं. भीतीला पाहुण्यासारखं बसू द्यायचं, ती कंटाळून उठते. मग डॉक्टर तिच्याकडे वळला.

"वहिनी, आणखी काय काय चालू आहे घरी?"

तिनं खरं ते सगळं सांगितलं. तेल, दोरा, सोमवार.

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "सगळं एकदम चालू ठेवलं तर कळणार कसं कशानं गुण आला ते? एकाच झाडाला तीन खतं घातली आणि फळ धरलं, तर श्रेय कुठल्या खताला द्यायचं?"

"कळून काय करायचं, डॉक्टरसाहेब? फळ धरलं म्हणजे झालं."

"अहो, पण पुढचं झाड? उद्या सालवडहून अशीच एखादी बाई नवऱ्याला घेऊन आली तर तिला मी काय सांगू? तेल लाव, दोरा बांध, उपास कर आणि माझ्याकडेही ये?"

ती सालवडची बाई मंदाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. नुसती कल्पनेतली, पण हातात पिशवी, डोळ्यांत पाणी. मंदानं शब्द दिला, सगळं बंद करते.

घरी आल्यावर तिनं सुलूला आणि झिपरूला सांगितलं. सुलूनं तेलाची बाटली फडताळात मागे सरकवली. झिपरूनं मुकाट्यानं दोरा सोडला. राहिले सोमवार. अर्ध्यावर सोडलेलं व्रत म्हणजे महादेवाला पाटावर बसवून ताट न वाढण्यासारखंच. ती रात्रभर कुशी बदलत राहिली आणि पहाटे तिला वाट दिसली. उपास सोडायचा नाही, मागणं बदलायचं. पण मागायचं कोणासाठी? तिला डॉक्टरची आठवण झाली. त्याची आई दवाखान्याच्या बाहेर भेटली होती आणि म्हणाली होती, "सगळ्यांची मनं बघतो, पण मुलगी बघायला चल म्हटलं की ह्याला वेळ नाही."

मंदानं हात जोडले. महादेवा, इथून पुढचे सोमवार त्या मुलाच्या लग्नाच्या खात्यावर घे. यांच्यासाठी मी काही मागणार नाही. व्रताच्या प्रसादाचा चुरमाही तिनं नवऱ्याला द्यायचा बंद केला. त्याचे लाडू वळून ती शनिवारी डॉक्टरला न्यायला लागली. डॉक्टर आवडीनं खायचा.

पहिल्या दिवशी नरहरी कुलूप लावून निघाला तेव्हा त्याची मान मागं वळू नये म्हणून सुलूनं त्याच्या उपरण्याचं टोक पुढून धरलं होतं. बसमध्ये तो डोळे मिटून बसला. प्रतापनं विचारलं, "बाबू, तबीयत?" तर नरहरी म्हणाला, "पंधरा आणे." प्रतापला वाटलं, कालच्या चहाचा हिशेब सांगतोय. "छोड़ो बाबू, चाय मेरी तरफ से," तो म्हणाला.

पण भीती खरंच उतरायला लागली. श्रावण संपेपर्यंत ती बारा आण्यांवर आली, गणपतीत आठ. नवरात्रात नरहरी म्हणाला, "आज बसमध्ये झोपच लागली." मॅनेजरनंही एकदा मान हलवली. डॉक्टर इतका खूश झाला की ही हकिकत मुंबईला डॉक्टरांच्या सभेत मांडणार म्हणाला.

आणि एका सकाळी नरहरीच्या केसांना तेल लावताना मंदाला वास आला. खोबरेल तेलाला ब्राह्मीचा वास.

"वन्सं!"

सुलू चूल फुंकत होती. "काय गं?"

"खोबरेल तेलात काय घातलंत?"

"थोडंसंच गं. त्या पोरगेल्या डॉक्टरच्या भरवशावर माझा भाऊ सोडू काय?"

तेवढ्यात झिपरू दारात आला. माणूस बरा झाला की भगताला कोंबडा द्यायचा, अशी रीत. "बाय, कोंबडा कवा?"

"अरे, तू तर दोरा सोडलास ना?"

"कुलपाचा सोडला. मोटारीला बांधला." झिपरूनं मान खाली घातली. "तुमी म्हटलंत कुलपाचा सोड, म्हून सोडला."

मंदा उंबऱ्यावरच बसली. डॉक्टर मुंबईत उभा राहून सांगणार, फक्त माझ्या उपचारानं. ते खोटं ठरणार, आणि तिच्या शब्दावर विसंबून. त्या शनिवारी तिनं लाडवाचा डबा उघडायच्या आधीच सगळं सांगितलं. तेल, मोटारीचा दोरा आणि शेवटी सोमवारसुद्धा.

"सोमवार कोणासाठी म्हणालात?" डॉक्टरनं विचारलं.

"तुमच्या लग्नासाठी."

डॉक्टरचे कान लाल झाले. डहाणूची मुलगी त्यानं गेल्याच आठवड्यात पसंत केली होती. त्यानं लाडवाचा डबा बाजूला सरकवला. "वहिनी, माझा सगळा अभ्यासच पाण्यात गेला की हो."

नरहरीचा चेहरा उतरला. "म्हणजे मी बरा झालो की नाही?"

"झालात. कशामुळे, तेच सांगता येत नाही." डॉक्टर टेबलावर बोटं वाजवायला लागला. "एकच उपाय आहे. आता सगळं खरोखर बंद. तेल, दोरा, सोमवार, माझं बोलणंसुद्धा. आणि दिवाळीआधी एक दिवस मोटारीची खोली उघडी टाकून कामावर जा. कुलूप न लावता. त्या दिवशी बस पकडलीत, तर शिकवलेलं मुरलं म्हणायचं."

नरहरी कचरत का होईना, हो म्हणाला. सुलूनं तेलाची बाटली मंदासमोर उकिरड्यावर ओतली. झिपरूनं मोटारीचा दोरा आणून तिच्या हातात दिला. मंदाचे सोळा सोमवार तोवर पुरे झाले होते, उद्यापनही झालं होतं. तिनं देवाला काहीच मागितलं नाही, हे तिला सगळ्यांत जड गेलं.

ठरलेल्या सकाळी नरहरीनं कुलूप ओट्यावर ठेवलं, चप्पल घातली आणि निघाला. मोटारीच्या खोलीचं दार वाऱ्यानं हललं. तो थबकला. खिडकीतून बघणाऱ्या मंदानं गज घट्ट धरला. मग तो चालू लागला. बसचा हॉर्न वाजला आणि बस त्याला घेऊन गेली.

मंदानं भांडी घासली, कपडे धुतले, पण कान मोटारीच्या खोलीकडे. आता कोणी आत शिरलं तर? मोटार गेली तर पानवेल सुकेल. यांना कळलं तर पुन्हा सोळा आणे. भीती उतरते म्हणतात, मग ही का चढतेय? शेवटी तिनं पदर खोचला आणि निघाली. नुसतं बघून येते. यात काय मोडतं?

खोलीत सुलू आधीच पाटावर बसून वाल सोलत होती.

"वन्सं, तुम्ही इथं?"

"घरात उजेड कमी गं."

मागून आवाज आला, "बाय, दार लोटून घे, वारा येतो." कोपऱ्यात झिपरू कोयता मांडीवर घेऊन उकिडवा बसला होता.

तिघं दिवसभर तिथंच बसली. वाल सोलून झाले, निवडायला तांदूळ आणले. मोटार जागच्या जागी होती. तिला कुठं जायचं होतं म्हणा!

संध्याकाळी बस थांबल्याचा आवाज आला. सुलूनं दार ओढून फट बारीक केली. नरहरी फाटकातून आला, खोलीवरून गेला, दाराकडे बघितलंसुद्धा नाही, आणि सरळ घरात शिरून हाक मारली, "मंदा! चहा टाक गं! मॅनेजरनं दिवाळीनंतरही मीच म्हणून सांगितलंय!"

मंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुलूनं तिचा हात दाबला. झिपरूनं कोयता खाली ठेवला. पण बाहेर पडायचं कसं? शेवटी मंदाच निघाली, साडीला तांदळाचा कोंडा लागलेला.

"कुठं होतीस?" नरहरीनं विचारलं.

त्या दिवशी एकादशी होती. उपवासाच्या दिवशी ती खोटं बोलत नसे.

"मोटारीच्या खोलीत."

"कधीपासून?"

"सकाळची भांडी-कपडे आटोपल्यापासून."

नरहरीनं तिच्या खांद्यावरून मागं बघितलं, तर पाट काखेत घेऊन सुलू येत होती आणि तिच्यामागे कोयता लपवत झिपरू. नरहरीला हसू आवरेना. हसता हसता त्यानं स्वतःच चुलीवर आधण ठेवलं.

"मंदा," तो म्हणाला, "शनिवारी पालघरला आपण चौघंही जाऊ. डॉक्टरांना सांगतो, माझी खुर्ची आता रिकामी झाली."

"मी नाय येत," झिपरू म्हणाला. "मी बरा हाय."

"मग तू इथंच थांब," सुलू चटकन म्हणाली. "आम्ही सगळे गेल्यावर मोटारीकडे कोणी तरी बघायला नको?"