एकपाकळी लसूण

हौसाने शिंकं खाली उतरवलं, आत हात घातला आणि बोटांना नुसत्या साली लागल्या. तिने पुन्हा चाचपून पाहिलं. मग शिंकं उलटं करून झटकलं. दोन-चार कोरडे पापुद्रे तेवढे जमिनीवर पडले.

"अवं, लसूण कुठं गेला?"

काळूराम उंबऱ्यावर गोणपाट टाकून कुणाचा तरी मोटरपंप उघडून बसला होता. आसपासच्या पाड्यांतले पंप तोच दुरुस्त करायचा. मान वर न करता तो म्हणाला, "आसंल चुलीपाशी."

"खायचा नाय. बियाचा. पूजाचा."

त्यावर पान्याचा आवाज तेवढा आला.

पूजा ही त्यांची एकुलती एक लेक. वाशिंदला एका कंपनीत पॅकिंगला जायची. तिथल्याच एका हिमाचली पोराशी तिने लग्न केलं आणि त्याच्या मुलखात निघून गेली. काळूरामने ना शिवी दिली, ना हात उचलला. त्याने फक्त तिचं नाव घेणं सोडलं. शिवी परवडली असती. सुंभ जळला तरी पीळ जाईना, असा माणूस.

लग्नानंतर ती एकदाच आली होती, सकाळच्या एसटीने. बाप खळ्यावरून घराकडे फिरकतच नाही म्हटल्यावर संध्याकाळच्या एसटीने परत गेली. जाताना आईच्या हातात रुमालाची पुरचुंडी ठेवून गेली. आत लसणाच्या पाकळ्या होत्या, एकेक लिंबाएवढी.

"सासूबाईंनी दिल्यात. हत्ती लसूण म्हणतात. भात काढलं का परड्यात लाव. एका पाकळीचा मोठा गड्डा होतो न् त्याला पाच-सहा पाकळ्या येतात. थोडा खा, थोडा ठेव, परत लाव. संपत नाय गो आई कदी."

हौसाने मागच्या परड्यात न्हाणीच्या पाण्यावर वाफा केला. कोंबड्यांपासून राखायला भोवती काट्या रोवल्या. मक्यासारखी रुंद पात आली आणि तिला वाटलं, लेकच वाढते आहे दारात. होळीनंतर मोठ्या उमेदीने उपटून पाहिलं, तर कांद्यासारखा गोल गड्डा. सोलला, तर आत पाकळ्याच नाहीत. सबंध एकच पाकळी.

शेजारची सकुबाई लगेच हजर. "एकपाकळी गो! वाताला औषध हाय. एक मला दे."

"नाय देणार. बियाचा हाय."

"ह्याला कसलं बी? आपल्यापुरता जगनारा हाय तो."

पूजाच्या सासूने सांगून पाठवलं, पहिल्या वर्षी असंच होतं, तोच गड्डा परत लावा, दुसऱ्या वर्षी फुटेल. हौसाने परत लावला. दुसऱ्या वर्षी गड्डा जाडजूड झाला, पण फुटला नाही. एकाचा एकच होत असेल, तर खायचा कुठला आणि लावायचा कुठला? त्यात पावसाळ्यात दमटपणाने काही सडले. उरलेले तीन गड्डे तिने शिंक्यात जपले होते. लेकीच्या घरचा लसूण परड्यात दोनदा पिकला, पण त्याची चव काही तिला ठाऊक नव्हती.

रविवारी पूजाचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, फोन जरा तिरका धर," ती म्हणायची. हौसाला आधी वाटायचं, उजेड डोळ्यांवर येत असेल. मग उमगलं. फोन तिरका धरला की मागचा उंबरा दिसायचा आणि उंबऱ्यावर काळूरामची पाठ. पूजा आईशी बोलायची आणि बापाची पाठ बघत राहायची. काळूरामलाही नेमकं त्याच वेळी उंबऱ्यावर काम निघायचं. चालता पंपसुद्धा उघडायचा बिचारा.

लसूण फुटत नाही ही हौसाची रड ऐकून एका रविवारी पूजा हसली होती. "आई, हितं तो बर्फाखाली झोपतो. चांगली थंडी खाल्ली का मग फुटतो. तुमच्याकडं कुठली आलीय एवडी थंडी?" हौसाही हसली होती. काळूराम नेहमीसारखा पाठ करून बसला होता.

आणि आज शिंकं रिकामं.

हौसाने कणगीमागे पाहिलं, माळा पालथा घातला. उंदराचं काम म्हणावं तर कुरतडलेला तुकडा नाही. ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

"तुमीच टाकलाव ना?"

काळूराम पंपाचा नट पिळत राहिला.

"पोरीचं नाव नको झालं, आता तिचा लसूणबी डोल्यांत खुपाया लागला तुमच्या?"

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग नुसतं म्हणाला, "येवडी कावू नको गो." आणि पाने डब्यात टाकून निघून गेला.

त्या दिवसापासून हौसा त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. भाद्रपदात एका शेतावर पंप सुरू करताना काळूराम खाली बसला तो उठलाच नाही. लोकांनी शहापूरला नेला, पण रस्त्यातच सगळं संपलं होतं. हौसाला रडू आलं आणि रडता रडता रागही आला. पोरीचं नाव एकदा तोंडात घेऊन जायला ह्या माणसाचं काय जात होतं?

पूजा पोचली तोवर राखसुद्धा सावडून झाली होती. तेरावं होईपर्यंत ती राहिली. निघायच्या आदल्या दिवशी भांडी घासता घासता तिने विचारलं, "बाबा कदी काय बोलले, माझ्याविषयी?"

हौसाला खोटं सांगता आलं असतं. पण ती कढई घासत राहिली. पूजाने मग विषय बदलला. "लसूण यंदा लावनार ना?"

"उंदरांनी नेला," हौसा म्हणाली. हे खोटं मात्र तिला पटकन जमलं. बापाने टाकून दिला, हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगणार?

दिवाळी झाली, भात झोडून झालं. न्हाणीमागचा वाफा तसाच पडून होता. एके दिवशी दुपारी शहापूरच्या स्टँडजवळ कोल्ड्रिंकचं दुकान चालवणारी चंदा रिक्षाने दारात उतरली. हातात प्लास्टिकची पिशवी, बाहेरून दवाने भिजलेली.

"वहिनी, काळूदादांचं कळलं मला, पन दुकान सोडून येता नाय आलं. ही त्यांची ठेव हाय."

हौसाने पिशवी उघडली. आत कागदात गुंडाळलेले तीन गड्डे होते. थंडगार. एकाच्या टोकाला हिरवा कोंब डोकावत होता.

"श्रावनात आलेले," चंदा सांगू लागली. "म्हनाले, तुझ्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, दिवाळी झाली का नेतो. ह्याला थंडी लागते, पोरीच्या गावची सवय हाय त्याला. मी म्हटलं, वहिनींना ठाव हाय का? तर म्हनाले, तिला बोलू नको. फुटला नाय तर हसंल मला."

हौसाने कोंबावरून बोट फिरवलं.

"न् फुटला तर?" तिने विचारलं.

"फुटला तर पूजाला फोन करनार होते. बघाया ये म्हनून. म्हनाले, उगीच कसं बोलवायचं, कायतरी निमित्त पायजे ना."

हौसा गड्डे मांडीवर घेऊन बसली. थंडी लुगड्यातून मांडीला लागत होती. 'येवडी कावू नको' म्हणताना तो हेच गिळून बसला होता. आणि आपण ताट वाढून तोंड फिरवत राहिलो. तिला त्याचा फार फार राग आला आणि तो आत्ता, ह्या घटकेला, समोर हवासा वाटला.

चंदा गेल्यावर तिने वाफा खणला. ढेकळं हाताने फोडली. कोंबवाला गड्डा मधे लावला, दोन बाजूंना दोन. न्हाणीचं पाणी वळवलं, काट्या रोवल्या.

रविवारी पूजाचा फोन आला. हौसाने सगळं सांगितलं, पंपाच्या पान्यापासून चंदाच्या फ्रीजपर्यंत.

"बाबा माझं नाव घेऊन बोलले?"

"चंदासमोर बोलले."

पूजाने नाक पुसलं. "कदी काढायचा?"

"होळीनंतर."

"मी येते. मी आल्याबिगर उपटू नको, आई."

"नाय उपटत."

"फुटला नाय तरी येते."

हौसाने मान हलवली.

"आई," पूजा म्हणाली, "फोन जरा तिरका धर ना."

हौसाने फोन तिरका धरला. उंबऱ्यावर गोणपाट अंथरलेलं होतं, शेजारी पान्यांचा डबा. हौसाचा हात भरून आला, तरी पूजा पुरे म्हणेपर्यंत तिने फोन तसाच धरून ठेवला.