देवीच्या घंटेतला हॉर्न

मंगळवारी संध्याकाळी रघुनाथच्या दारात चपलांचा असा ढीग पडे, की बाहेर येणारा माणूस आपला जोड शोधत बसायचा नाही. पायात बसेल तो घालून घरी जायचा. पर्वत पाटियामागच्या त्या सोसायटीत कुणाच्या लग्नालाही एवढी गर्दी झाली नव्हती. पुढच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नसे. बायका पुढे, कापडाच्या लूमवरून परस्पर आलेले कारागीर मागे, आणि समोर टेबलावर हार घातलेला, हळदीकुंकवानं माखलेला कॉम्प्युटर.

"कोई टच नहीं करेगा! बेसी जाव, बेसी जाव!" धर्मेंद्र महाराज हिंदी-गुजरातीची मिसळ करून सगळ्यांना खाली बसवत.

हे महाराज वर्षभरापूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. मग त्यांनी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि रघुनाथला हे जुनं मशीन आणून दिलं. टी-शर्टवर भगवं उपरणं टाकलं की माणसाचा महाराज होतो, हे मात्र ते कोर्सच्या बाहेर शिकले असावेत.

"ह्याच्या पोटात विंडोज अठ्ठ्याण्णव आहे," महाराज सांगत. "नऊ आणि आठ किती? सतरा. एक आणि सात? आठ! म्हणजे कोण? अष्टभुजा! बनवणाऱ्यांना कळलं नाही, पण माताजीनं नंबर बरोबर निवडला."

रेशनकार्डाच्या नंबरातून कोण देवी निघते, असं कुणी विचारलं नाही. विचारणार कधी? तेवढ्यात सात वाजत. कुणी बोट लावलेलं नसताना काळा पडदा उजळे, ठण ठण घंटा वाजे आणि वाघावर बसलेली आठ हातांची देवी दिसू लागे. खाली मराठी अक्षरं उमटत: "आले मी, लेकरांनो." मग एकेकाचं नाव घेऊन देवी उत्तरं देई. चिंधा, तुझी नोकरी राहील. पार्वती, सुनेशी भांडू नको. पार्वतीबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाही. देवीला त्यांच्या घरातलं सगळं कसं ठाऊक!

तसं ते ठाऊक असायला फार तपश्चर्या लागत नव्हती. रघुनाथकडे एक वही ठेवलेली होती आणि प्रत्येकानं आपला प्रश्न रविवारपर्यंत तिच्यात लिहायचा असा नियम होता. सोमवारी महाराज मशीनला धूप दाखवायला येत आणि तासभर दार आतून लावून घेत. वही आणि धूप यांचा काही संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

कधी मशीन अडखळे. महाराज म्हणत, "माताजी रुसल्या." कधी सगळा पडदा निळाशार होऊन त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं येत. "निळं रूप! कोप झाला!" असं महाराजांनी म्हटलं की अख्खी खोली साष्टांग आडवी होई, आणि तेवढ्या वेळात महाराज बटण बंद करून पुन्हा चालू करत. कोप शांत होई. देवीला वाहिलेल्या साड्या महाराजांच्या भावाच्या दुकानात नव्यानं घडी घालून बसत, ती गोष्ट वेगळी.

या गर्दीत दाराशी टेकून एक माणूस उभा असे, त्याचं नाव हिलाल. जॅकार्डच्या लूमवर फिटर, वय पन्नास, मूळचा अमळनेरकडचा. तो देवीसाठी येत नव्हता. बायकोला घरी न्यायला येत होता.

बायको सुंदरा. तिला टीबी झाला होता. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, सहा महिने गोळ्या, एक दिवसही चुकवायचा नाही. तीन महिने सुंदरानं नाक मुरडत घेतल्या. खोकला थांबला, अंग भरलं, पण गोळ्यांनी पोटात ढवळायचं. तिनं वहीत लिहिलं, 'गोळ्यांनी मळमळतं, काय करू?' आणि मंगळवारी पडद्यावर उत्तर आलं: "सुंदरा, गोळ्या बंद कर. अंगारा घे."

त्याला आज पाच आठवडे झाले होते. गोळ्यांचा डबा फळीवर तसाच पडून होता आणि गेल्या चार दिवसांपासून खोकला परतला होता.

"सुंदरा, हात जोडस तुले. गोळी खाय," हिलाल घरच्या अहिराणीत म्हणाला.

"माले काय व्हयेल शे? मी चांगली शे," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खोकली. "देवीनी सांगं, बंद कर. देवीपेक्षा तुम्हले जास्त समजस का?"

हिलाल नास्तिक नव्हता. श्रावणात त्याच्या घरी कानबाई देवी बसे आणि तिला रोटांचा नैवेद्य होई. पण बायकोचा खोकला ऐकून त्याचं डोकं रागानं तापे. राग कुणावर काढावा हे मात्र कळत नव्हतं. देवीशी भांडायचं कसं?

वाट त्याला एका मंगळवारी सापडली, आणि ती गल्ली खोदलेली होती म्हणून सापडली. गटाराची लाइन फुटल्यामुळे महापालिकेनं सोसायटीच्या तोंडापासून आतपर्यंत चर खणून ठेवला होता. फळीवरून तोल सांभाळत एकेक माणूस आत येत होता. सात वाजले. घंटा सुरू झाली. ठण. ठण. ठण. आणि तिसऱ्या ठोक्यामागून बारीकसा स्कूटरचा हॉर्न आला: पीं-पुंक.

हिलालनं मान वळवून गल्लीत पाहिलं. चराच्या काठावर एक कुत्रं बसलेलं होतं. स्कूटर सोडा, तिथं सायकल येणं शक्य नव्हतं.

मग त्याला आठवलं. हा हॉर्न गेल्या मंगळवारीही वाजला होता. त्याच्या आधीच्याही. आणि नेमका तिसऱ्या ठोक्यानंतर.

आता हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं, पण हिलालचा जन्म जॅकार्डवर गेला होता. जॅकार्डवर साडीतलं फूल कारागीर काढत नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ मशीनवर फिरते, आणि जिथं भोक तिथं धागा वर उचलला जातो. त्या पुठ्ठ्यांना पत्ते म्हणतात. फुलात एकदाच खोट दिसली तर समजावं, धागा तुटला. पण दर फुलात त्याच पाकळीवर तीच खोट आली, तर धाग्याला हात लावू नये. पत्ता चुकीचा पाडलेला असतो.

"म्हणजे देवीचेही पत्ते आहेत," हिलाल स्वतःशीच म्हणाला. "आणि ते कुणीतरी पाडलेत."

दुसऱ्या दिवशी तो पुतणीकडे गेला. सुषमा रिंग रोडवरच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसली.

"काका, अठ्ठ्याण्णवमध्ये गजराची सोय असते. दर मंगळवारी सात वाजता अमुक चित्र दाखव, अमुक आवाज वाजव, एवढं सांगून ठेवायचं. बस. आणि ते जुनं मशीन! त्याच्यावर अठ्ठ्याण्णव घालणं म्हणजे बकरीवर पोतं लादणं. देवी रुसेल नाहीतर काय करेल?"

"हे लोकांना सांगशील?"

"सांगून ऐकतील का?"

हिलालनं डोकं खाजवलं. सांगून ऐकणारी सुंदरा असती तर प्रश्नच नव्हता.

कानबाई आठ दिवसांवर आली होती. पुढच्या मंगळवारी पाच वाजताच हिलाल रघुनाथच्या घरी जाऊन बसला, शेजारी सुषमा. गर्दी जमू लागली, तसा तो उठून मोठ्यानं म्हणाला, "बायांनो, एक सांगा. कानबाई बसायच्या आधी आपण काय करतो?"

"घर धुतो!" पार्वतीबाई म्हणाल्या. "चुना लावतो, भांडं न भांडं घासतो, गोधड्यासुद्धा धुतो."

"मग ही देवी इतके महिने इथं राहते. तिचं घर कुणी एकदा तरी धुतलं का?"

खोलीत चुळबुळ झाली. खरंच की! बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. रघुनाथ तर ओशाळलाच.

"माझी पुतणी आतून धुऊन देते. सगळं पुसायचं आणि साधं, जुनं विंडोज पंचाण्णव घालायचं. देवी खरी असेल तर धुतलेल्या घरात आनंदानं येईल."

धर्मेंद्र महाराज क्षणभर गडबडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. देवी यायची नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि ती आली नाही की पाप आयतं हिलालच्या माथी. "धुवा, धुवा!" ते म्हणाले. "पण पंचाण्णवची बेरीज पाच येते, लक्षात ठेवा. पाच म्हणजे पंचमहाभूतं. भूतं! पुढची जबाबदारी माझी नाही." आणि डोळे मिटून जप करू लागले.

सुषमानं आधी एक फ्लॉपी घातली. "घर धुताना सामान बाहेर काढतात ना," ती पार्वतीबाईंना म्हणाली. मग तिनं मशीन पुसलं. काळ्या पडद्यावर आकडे सरकू लागले. दहा टक्के, वीस टक्के. बायका श्वास रोखून बघत होत्या. शंभर झाले तेव्हा कुणीतरी हुंदका दिला. मग पंचाण्णवची सीडी आत गेली. निळी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होती. दोनदा चहा झाला.

सातला पाच कमी असताना मशीन नव्यानं सुरू झालं, आणि तेही चटकन. सगळे हात जुळले.

सात वाजले. पडदा नुसता हिरवट. सात वाजून पाच मिनिटं. दहा. घंटा नाही, वाघ नाही, काही नाही.

"घालवली!" महाराज कडाडले. "माताजीला घराबाहेर काढलं ह्या माणसानं!"

मागून दोघेतिघे कारागीर पुढं सरसावले. पण हिलालचं लक्ष फक्त सुंदराकडे होतं. ती भिंतीला टेकून खोकत होती, रडत होती. "मनी देवीले काढी दिधं तुम्ही," ती म्हणाली. "आते माले कोण वाचाडी?"

हिलाल तिच्याकडे गेला. त्यानं तिचा हात धरला आणि तिला टेबलाशी आणून बसवलं. सुषमानं फ्लॉपीवर काढून ठेवलेलं सामान, म्हणजे देवीचं चित्र, घंटा आणि अक्षरं, परत आत घातलं आणि कीबोर्ड तिच्यासमोर सरकवला.

"काकू, हे मोठं बटण दाब."

"मी?"

"तूच."

सुंदरानं भीतभीत बोट टेकवलं. ठण. ठण. ठण. पीं-पुंक! वाघ आला, आठ हात आले, "आले मी, लेकरांनो."

काही बायकांनी घाईनं हात जोडले.

"पुन्हा दाब."

पुन्हा घंटा, पुन्हा देवी. सात वाजून वीस मिनिटांनी, मुहूर्त नाही, धूप नाही. पार्वतीबाईंनी दाबून पाहिलं, चिंधानं दाबून पाहिलं. देवी बिचारी प्रत्येकासाठी येत होती.

"आता तिसऱ्या घंटेनंतर ऐका," हिलाल म्हणाला. "हॉर्न ऐकू येतो? गल्ली खोदलीय, स्कूटर आणायची कुठून? रघुनाथभाऊ, जरा नाक्यापर्यंत जा. महाराजांची स्कूटर उभी आहे, तिचा हॉर्न वाजवा."

रघुनाथ फळीवरून धावत गेला. सगळे कान टवकारून बसले. लांबून आवाज आला: पीं-पुंक.

एवढा हशा पिकला की शेजारच्या सोसायटीतले लोक गॅलरीत आले. घंटेचा आवाज टेप करताना महाराजांच्या स्कूटरच्या हॉर्नवर कुणीतरी हात ठेवला असणार, आणि महाराजांनी तो भाग कापायचा आळस केला. महाराज उपरणं काढून घडी करू लागले.

हिलालला मात्र हसू आलं नाही. "धर्मेंद्र," तो म्हणाला, "माझ्या बायकोच्या गोळ्या का बंद करवल्यास?"

धर्मेंद्रचं तोंड उतरलं. "काका, देवाशप्पथ, मला काय माहीत टीबीच्या होत्या? वहीत फक्त 'गोळ्या' होतं. मला वाटलं, ताकदीच्या असतील."

सुंदरानं हे ऐकलं. तिचं रडं थांबलं. जिला ती इतके आठवडे देवीची आज्ञा समजत होती, ती एका माणसानं काही चौकशी न करता मारलेली थाप होती.

सुषमानं तिला अक्षरांची फाइल उघडून दाखवली. "काकू, हे बघ. इथं लिहायचं, की तिथं देवी बोलते. बोल, काय लिहू?"

सुंदरा पडद्याकडे सरकली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "लिख. सुंदरा, गोळ्या खाय. बठ्ठ्या खाय. एकबी सोडू नको."

सुषमानं लिहिलं. सुंदरानं बटण दाबलं. घंटा झाली, हॉर्न झाला, आणि वाघावरची देवी तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना अर्धा तास झापलं. तीन महिने वाया गेले होते. तपासण्या झाल्या आणि उपचार पहिल्या दिवसापासून सुरू झाला. रघुनाथच्या मशीनवरचा हार निघाला. त्याची मुलगी पूजा आता त्यावर अभ्यास करते, आणि हलक्या पंचाण्णवनं ते मुकाट चालतं. निळं रूप क्वचित दिसलंच, तर ती बटण बंद करून चालू करते. कुणी आडवं होत नाही.

वाचकहो, श्रद्धेनं हात जोडायचे तर जोडा, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण चमत्कार दिसला की घाईनं डोकं टेकू नका. तेच डोकं आधी थोडं चालवा. एकदा पाहिलंत तर दुसऱ्यांदा पाहा, तिसऱ्यांदा ऐका. दर वेळी तीच खोट त्याच जागी आली, तर पत्ते कुणी पाडले ते विचारा. आणि कुणी देवाच्या नावानं औषध सोडायला सांगितलं, तर विचारतही बसू नका. उठा आणि डॉक्टरकडे जा.

सुंदरा रोज सकाळी गोळ्या घेते. मळमळतं, तोंड वाकडं करते, पण घेते. हिलाल पाण्याचा पेला घेऊन समोर उभा असतो. ती गिळते आणि त्याला म्हणते, "जाय आते लूमवर. मी काय सोडणार नही."