हेडसरांची पेज

माझ्या सासऱ्यांनी माझ्यासमोर कधी जांभईसुद्धा दिलेली नाही. लग्नाला वीस वर्षं होत आली. शिंक आली तर ते उठून बाहेर जातात, बाहेर शिंकतात आणि परत येऊन बसतात, जणू अंगणात काहीतरी काम निघालं होतं. आंदोंगच्या जुन्या, मानी ग्वोन घराण्यातले, त्यात मुलींच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. म्हणजे एका माणसात दोन माणसांचा ताठा. अशा माणसाच्या आतड्याचा एक तुकडा आणि यकृताचा एक कोपरा काढून झाल्यावर सगळ्या खानदानाचा जीव कशात अडकावा, तर त्यांना वारा सरतो की नाही यात.

आमच्याकडे, कोरियात, पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाची तब्येत कुणी विचारत नाही. 'गॅस झाला का?' असं विचारतात. सोयाबीनच्या दुधाचं खोकं घेऊन भेटायला आलेला नातेवाईक दारातूनच विचारतो. फोनवर नणंद विचारते. लिफ्टमध्ये अनोळखी बाई विचारते, आणि तिच्याकडे झालेला असला तर तोरा मिरवते. आतडं जागं झाल्याची ती खूण. ती मिळेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. मिळाली की तांदळाची पेज. आतड्याचा निकाल लावण्याची याहून बरी रीत अजून कुणाला सुचलेली नाही.

ऑपरेशन करणारे डॉक्टर मियोंग पहिल्याच दिवशी म्हणाले, "सगळं छान झालंय. असे शंभरातले नव्वद पेशंट आरामात घरी जातात."

मामंजींनी विचारलं, "उरलेले दहा?"

"त्यांच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं."

"कच्च्या मुलींचा मी वेगळा तास घ्यायचो," मामंजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

नवरा उल्सानच्या जहाजांच्या कारखान्यात, सासूबाईंचे गुडघे गेलेले. शिवाय पेशंटजवळ एकच माणूस ठेवायचा हा हॉस्पिटलचा नियम. तेव्हा देगूच्या त्या सातव्या मजल्यावर, पलंगाखालून ओढून काढायच्या बुटक्या बाकड्यावर मी मुक्काम ठोकला. मामंजींना मी सलाइनच्या दांडीसकट कॉरिडॉरमध्ये फिरवून आणायची. डॉक्टरांनी च्युइंगगम चघळायला सांगितलं होतं, आतडं त्याने हलतं म्हणून. पण या माणसाने आयुष्यभर मुलींच्या तोंडातून च्युइंगगम काढून कागदात गुंडाळायला लावलेलं. ते भिंतीकडे तोंड करून चघळत, आणि मी आले की गिळत. शेवटी नर्सने च्युइंगगम बंद केलं.

पडद्यापलीकडच्या खाटेवर प्यो दालसू होते. पन्नाशीचे, पित्ताशयाचं ऑपरेशन चिघळून यकृताचाही भाग गेलेला. नवरा-बायकोची डुकराच्या मटणाच्या रश्श्याची खानावळ होती, त्यामुळे उपाशी राहणं हा त्यांना थेट अपमान वाटे. त्यांचंही आतडं अजून झोपलेलंच होतं.

"हेडसर," ते पडद्यातून ओरडत, "तुमचं काही?"

मामंजी चादर हनुवटीपर्यंत ओढून घेत.

"माझं पण नाही. अहो, बायको रात्री रश्श्याचा फोटो पाठवते. माणुसकी आहे का ही?"

"तुम्हीच मागितला होतात फोटो," प्यो वहिनी म्हणत. "वर म्हणालात, जवळून काढ."

यात मला एकच गोष्ट कळेना. मामंजींना सारखं गरम पाणी हवं असायचं. प्यायला तर बंदी. मग म्हणायचे, हात शेकतो. "सूनबाई, जरा गरम पाणी आणतेस?" मी थर्मास घेऊन कॉरिडॉरच्या टोकाला जायची, भरून आणायची. घटकाभराने पुन्हा तेच. मला वाटलं, म्हातारपण. एकदा थर्मास उचलला तर तो काठोकाठ भरलेला. तरी मी गेले, ओतला, पुन्हा भरून आणला. सून झाल्यावर असल्या कामांचं कारण विचारायची सवय जाते.

मग त्या सकाळी तो आवाज झाला.

मी खिडकीशी त्यांचा टॉवेल पिळत होते. मामंजींनी गरम पाणी मागितलं होतं, पण मी म्हटलं, एवढं पिळून जाते. तेवढाच उशीर झाला. आवाज मोठा नव्हता, पण निःसंशय होता. जुन्या कपाटाचं दार कुरकुरत उघडावं तसा. दोन्ही खाटांच्या मधल्या पडद्याच्या आसपासचा. नेमक्या त्याच वेळी नर्स ताप मोजायला आत आली, आणि तिचा चेहरा एकदम फुलला.

"अगंबाई! कुणाचा?"

मी टॉवेलकडे बघत राहिले. मामंजींचे डोळे मिटलेले, चेहरा ध्वजवंदनाला असावा तसा.

"माझा!" प्यो ओरडले.

प्यो वहिनींनी टाळ्या वाजवल्या. नर्सनेही वाजवल्या. म्हणाली, "संध्याकाळी पेज देऊ हं. पण खरंच ना? आतडं झोपलेलं असताना पोटात काही गेलं तर सगळं उलटून येतं. टाके तुटले तर पुन्हा थिएटरमध्ये."

"आता काय सर्टिफिकेट आणू?" प्यो म्हणाले.

मीही अभिनंदन केलं. मनातून मात्र जळून खाक झाले. दुसऱ्याचं घर, दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याच्या मुलाचे मार्क यांचा हेवा करून झाला होता. परक्या माणसाच्या वाऱ्याचा हेवा करण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

दुपारी डॉक्टर मियोंग आले. मामंजींचं पोट दाबून पाहिलं. फुगल्यासारखं लागतंय म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न, खणखणीत आवाजात, माझ्यासमोर: "आजोबा, गॅस झाला?"

मामंजींनी डोळे मिटले. डॉक्टरांनी त्याचा अर्थ रोज लावत तोच लावला: नाही.

त्यांनी मला बाहेर बोलावलं. मी हाताशी असलेला थर्मास घेऊन गेले. "संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल आणि स्कॅन. आतडं कुठे चिकटलं असेल तर पुन्हा उघडायला लागेल. खरं सांगू? यकृतही कापलेलं आहे, दुसरी भूल मला द्यायची नाहीये."

"म्हणजे मामंजी त्या उरलेल्या दहातले?" मी विचारलं.

ते चपलेकडे बघत म्हणाले, "तसं आत्ताच नको म्हणायला."

मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन लावला. त्याच्यामागे कारखान्यातले हातोडे चालू होते.

"तू विचार ना त्यांना नीट," तो म्हणाला.

"मी? तू विचार. मुलगा आहेस."

"अगं, मी त्यांना कधी ढेकर देताना पाहिलं नाही. मी काय विचारू?" मग त्याचा आवाज बदलला. "आईला अजून सांगू नकोस हां. मी रात्रीच्या गाडीने येतो."

जिन्यातच मी थोडं रडून घेतलं. तोंड धुतलं, आणि पाणी आणायला गेल्याचं दिसावं म्हणून थर्मास भरून आत आले.

संध्याकाळी जेवणाची गाडी आली. प्योंच्या टेबलावर ताट आलं: वाटीभर पातळ पेज आणि बोटभर सोया सॉस. पडदा पूर्ण बाजूला केलेला होता, सोहळा सगळ्यांना दिसावा म्हणून. प्यो वहिनींनी चमचा भरला, फुंकर घातली. प्योंनी आ केला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि रंग फारसा बरा नव्हता, पण भुकेल्या माणसाचा रंग कोण बघतं.

"थांबा."

हा आवाज मी शाळेच्या वार्षिक समारंभात ऐकला होता. शेवटच्या रांगेतल्या पालकांनीही शेंगदाणे खायचं थांबवलं होतं तेव्हा. चमचा हवेत राहिला.

मामंजी खाटेवर टेकून बसले होते. एक हात टाक्यांवर, दुसरा चादरीवर. त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं, खिडकीकडे होतं.

"आज सकाळी या खोलीत जो आवाज झाला," ते म्हणाले, "त्याला मी जबाबदार आहे."

प्यो कळवळून म्हणाले, "हेडसर! कशाला? मी घेतला होता ना माझ्यावर! सूनबाई समोर उभ्या, म्हटलं वडीलधाऱ्या माणसाची..."

"तुमचे आभार. पण दुसऱ्याची उत्तरपत्रिका दाखवून पास होता येत नाही."

प्यो वहिनींनी चमचा वाटीत आपटला. "म्हणजे तुम्ही पादलाच नाहीत?"

"अगं, येईलच की. आज ना उद्या."

"आणि टाके तुटले असते म्हणजे? खानावळ मी एकटीने चालवायची? दुसऱ्याचं पादणं आपल्या नावावर घेणारा माणूस पाहिला नव्हता बाई!" असं म्हणून त्यांनी नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तोच दंड धरून बसल्या.

नर्स धावत आली. मामंजींच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. "आजोबा, हा पहिलाच की आधी पण झाला होता?"

मामंजींचे कान लाल झाले. कान लाल झालेला मुख्याध्यापक मी पहिल्यांदाच पाहिला.

"कालपासून," ते म्हणाले. "सूनबाई... पाणी आणायला गेली की."

मला हसू की रडू कळेना. दोन्ही सुनेला शोभत नाही, म्हणून मी चादरीची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली.

डॉक्टर मियोंग आले, त्यांनी ऐकलं, पोट पुन्हा दाबलं आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा दात दाखवून हसले. "नळी नको. स्कॅन नको. आतडं फर्स्ट क्लास चाललंय. आजोबा, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारत होतात तेव्हा दालनात महिलावर्ग उपस्थित होता," मामंजी म्हणाले. याचा नेमका अर्थ डॉक्टरांनी विचारला नाही.

प्योंच्या टेबलावरचं ताट उचलून आमच्या टेबलावर आलं. पेज तोवर निवली होती. मामंजींनी चमचा स्वतःच धरला. मी मदतीला गेले नाही. आज त्यांची एवढी शोभा झाली होती, तेवढी पुरे होती. प्यो ती वाटी रिकामी होईपर्यंत टक लावून बघत होते.

"हेडसर, मीठ बरोबर आहे का हो?"

"कमी आहे."

"मला वाटलंच," प्यो समाधानाने म्हणाले.

मी जिन्यात जाऊन नवऱ्याला फोन केला. "गाडीत बसू नकोस," म्हटलं. "झाला."

पलीकडे हातोडे थांबले. मग तो कुणाला तरी ओरडून सांगत होता, आणि कारखान्यातले दहापाच लोक टाळ्या वाजवत होते. आमचं खानदान आंदोंगमध्ये अनेक पिढ्या प्रतिष्ठा राखून होतं. ती उल्सानच्या गोदीत अशी संपली, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही.

परत आले तेव्हा मामंजी आडवे झाले होते. चेहऱ्यावर जरा रंग आला होता. मी खुर्ची ओढून बसणार, एवढ्यात त्यांनी घसा साफ केला.

"सूनबाई, जरा गरम पाणी आणतेस?"

थर्मास मी मघाशीच भरला होता. तो उचलला, काठोकाठ जड होता. "हो, मामंजी," म्हटलं, आणि बाहेर जाऊन दार नीट लावून घेतलं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. परतायची घाई नव्हती.